साडेसातशे ग्रॅमचा मदरबोर्ड

घरात केरसुणी आणायची झाली तरी अरविंदराव टिपणीस तीन दुकानांतले भाव घेऊन येतात. नुसते विचारून नाही, लिहून. मग जेवणाच्या टेबलावर कागद आडवा धरून तीन रकाने आखतात, सगळ्यात कमी भावाभोवती लाल पेनाने गोल काढतात आणि तो कागद नंदिनीताईंपुढे सहीसाठी सरकवतात. नंदिनीताई सही करतात. त्यांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे कुणाला समजावून सांगायचं आणि कुणाच्या वहीवर नुसती सही करायची हे त्यांना बरोबर कळतं.

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत अरविंदरावांनी खरेदी विभागात चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. कंपनीने त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं, पण त्यांनी काही खरेदी विभाग सोडला नाही. तो त्यांनी सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवला, एवढंच. "कोथिंबीर संपली" असं म्हणायची आता त्या घरात सोय नाही. किती, कधीपर्यंत, आणि आधीच्या जुडीचं काय झालं, असे तीन प्रश्न लगेच अंगावर येतात.

तर अशा माणसाच्या घरी एका सोमवारी सकाळी विमलबाई आल्या. डोक्यावर टोपली नव्हती, हातात कागद होता. विमलबाई करावे गावच्या. बावीस वर्षं त्या या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येतात. टिपणिसांच्या घरातला बांगडा, बोंबील, कोलंबी, सगळं त्यांच्या हातचं. त्या साथीच्या वर्षात नवरा-बायको दोघंही अंथरुणाला खिळले होते आणि शेजारी दारावरची बेलसुद्धा रुमालाने दाबत होते, तेव्हा ही बाई चौदा दिवस करावे ते सानपाडा चालत येऊन खाली वॉचमनच्या टेबलावर पेजेचा डबा ठेवून जात होती. त्याचे पैसे तिने घेतले नाहीत आणि विषयही कधी काढला नाही. अरविंदरावांच्या फायलीत या गोष्टीला रकाना नव्हता आणि त्याचं त्यांना बरेचदा वाईट वाटायचं.

"ताई, कागद आला बगा," विमलबाई म्हणाल्या. "पुरच्या बेस्तरवारी सायब येनार हाय."

कागद कसला, ते सांगायला हवं. विमलबाईंच्या गावदेवी महिला बचत गटात अकरा बायका. आगरी-कोळी मसाला करतात. मिरची भाजायची त्यांनी आणि दळायला जायचं दुसऱ्याच्या गिरणीत. सीझनला गिरणीवाला दोन-दोन दिवस ताटकळत ठेवतो आणि त्यांच्या मिरचीत कुणाची तरी हळद मिसळून देतो. सरकारी योजनेतून मसाल्याचं मशीन मिळतं असं कळल्यावर नंदिनीताईंनीच अर्ज लिहून दिला होता आणि गटाचं नाव यादीत लागलं होतं. मशीन आलं की विमलबाईंची टोपली सुटणार होती. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे पार गेलेले, तरी बिनलिफ्टच्या बिल्डिंगींत तीन-तीन मजले चढते. यादीतून नाव गेलं तर पुढची यादी वर्षाने. आणखी एक वर्ष टोपली. प्रश्न एवढाच होता आणि तो साधा नव्हता.

साहेब तपासणीला येणार, ते अटी बघायला. खोली होती, पाटी होती, रजिस्टर होतं. अट क्रमांक नऊ मात्र नवीन निघाली. "संस्थेच्या कार्यालयात संगणक संच (टेबलावरील) एक नग, चालू स्थितीत असणे आवश्यक."

नंदिनीताई त्याच दिवशी विमलबाईंना घेऊन, आपला लॅपटॉप काखेत मारून त्या ऑफिसच्या खिडकीवर गेल्या. खिडकीतल्या बाईंनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हा चालणार नाही. टेबलावरचा पाहिजे."

"हा टेबलावर ठेवला तर?"

"मॅडम, लॅपटॉप कोणीपण कोणाचापण उचलून आणतं. मागच्या वर्षी एकच लॅपटॉप आम्ही सहा गटांमध्ये बघितला. सहाव्या ठिकाणी तर त्याने आम्हाला ओळखलं असतं." बाईंनी कागद परत केला. "टेबलावरचा, आणि बिल गटाच्या नावाचं. जुना असला तरी चालेल. चालू पाहिजे."

संध्याकाळी हे सगळं ऐकून अरविंदराव खुर्चीतून उठले. गटाच्या पेटीत संगणकासाठी सात हजार निघत होते. सात हजारांत एक नग, दहा दिवसांत. तीन वर्षांनी त्यांना खरी मागणी आली होती.

"विमलबाई," ते म्हणाले, "संगणक माझ्यावर सोडा. मी शब्द देतो."

"भाऊ बोलले म्हंजे झालाच," विमलबाई म्हणाल्या आणि खरोखरच निर्धास्त होऊन घरी गेल्या. नंदिनीताई मात्र निर्धास्त झाल्या नाहीत. त्यांनी केरसुणीचा कागद पाहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी अरविंदराव पावण्याला गेले. तिथे नमिता भोईर नावाच्या मुलीचा गाळा आहे. मुलगी म्हणजे तिशी-बत्तिशीची बाई. कंपन्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर घेते, दुरुस्त करते आणि विकते. गाळ्यात जमिनीपासून छतापर्यंत डबे रचलेले आणि मध्ये स्टुलावर नमिता, कपाळाला टॉर्च बांधून.

"काका, हा घ्या," तिने एक डबा थोपटला. "ऑफिसचा माल आहे. चौथी जनरेशन, आठ जीबी रॅम, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं. सात हजार. बिल देते, तीन महिने काय झालं तर मी आहे."

इथे गोष्ट संपायला काही हरकत नव्हती. कुठलाही शहाणा माणूस डबा रिक्षात घालून घरी आला असता. पण अरविंदरावांच्या आत चौतीस वर्षांचा खरेदी विभाग खडबडून जागा झाला.

"याचं सुटं सुटं कोटेशन मिळेल का?"

"सुटं म्हणजे?"

"प्रोसेसर किती, मदरबोर्ड किती, रॅम किती. एकाच पार्टीकडून एकगठ्ठा माल उचलला तर उद्या कोणी विचारलं, ह्यांचं तुमचं काय नातं, तर मी काय सांगू?"

"सांगा की कॉम्प्युटर चांगला होता," नमिता म्हणाली.

पण ते उत्तर ऑडिटला चालत नाही. तिने बिचारीने एका कागदावर भाव खरडून दिले. अरविंदरावांनी ते वहीत चिकटवले, 'पार्टी क्रमांक एक' असं वर लिहिलं आणि पार्टी क्रमांक दोनच्या शोधात निघाले.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला लिफ्ट वर यायचा अवकाश. तिसऱ्या मजल्यावरचे रावसाहेब जगदाळे दारात उभेच होते. रावसाहेब मूळचे साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कॉम्प्युटर या विषयावर त्यांचा अभ्यास नाही, आणि त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळणं नाही.

"टिपणीस, एक ध्यानात ठेवा. सगळा खेळ रॅमचा हाय. बाकीचं काय बी असू दे, रॅम दणकट पायजे. आन् ती विकत घेऊ नका, माझ्याकडं दोन पडल्यात. पोराच्या हुत्या. घेऊन जावा, फुकट."

फुकट. खरेदी विभागातल्या माणसाला आयुष्यात हा आकडा क्वचित बघायला मिळतो. अरविंदरावांनी रॅमच्या रकान्यात शून्य लिहिलं, त्याला लाल गोल केला आणि त्या दिवशी जेवताना भात परत घेतला.

प्रोसेसर वाशीच्या हितेशच्या दुकानात मिळाला. हितेश सज्जन माणूस. त्याने चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर, एक कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस दिला. "बोर्ड कुठला आहे काका?" असंही त्याने विचारलं. अरविंदराव म्हणाले, "बोर्डाची खरेदी प्रक्रियेत आहे." हितेशला ते उत्तर इतकं भारदस्त वाटलं की त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. तो विचारायला हवा होता असं त्याला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

राहिला मदरबोर्ड. हितेशकडे महाग होता, नमिताकडेही महाग होता. मग पावण्याच्याच आतल्या गल्लीत मिथुन नावाच्या भंगारवाल्याचं गोदाम सापडलं. तिथे मदरबोर्ड पोत्यात होते आणि भाव किलोवर होता.

किलोवर! अरविंदरावांना भरून आलं. खरेदीच्या सगळ्या पद्धतींत वजनावर घेणं ही सगळ्यात स्वच्छ पद्धत. तिथे शंकेला जागा नाही, काटा बोलतो. मिथुनने पोत्यातून एक बोर्ड काढला. चांगला दिसत होता, धूळसुद्धा एका बाजूलाच होती.

"हा चालू आहे का?"

"काल आलाय, शेठ. कंपनीने बंद पडला म्हणून नाय टाकला, नवीन आले म्हणून टाकला. मी वायर लावून बघितला, लाइट लागते."

अरविंदरावांनी वहीत 'तपासणी केली, लाइट लागते' अशी नोंद केली. बोर्ड काट्यावर चढला. एक किलो आणि वर काही ग्रॅम. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन बोर्ड नीट न्याहाळला आणि मधोमध बसवलेल्या जाडजूड पंख्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"फॅन. प्रोसेसर थंड करतो."

"सानपाड्याला आमच्याकडे वारा भरपूर असतो. हा काढा. वजन वाढतंय."

मिथुनने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पेचकस घेऊन पंखा सोडवला आणि बाजूच्या फळीवर ठेवला. साडेसातशे ग्रॅम भरलं. अरविंदरावांच्या आग्रहावरून मिथुनने वहीच्या पानावर बिलही लिहिलं. 'गावदेवी महिला बचत गट, करावे. मदरबोर्ड, ७५० ग्रॅम.' खाली शिक्का मारायला त्याच्याकडे शिक्का नव्हता, म्हणून त्याने अंगठा उठवला, जरी त्याला सही येत होती. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला अंगठाच शोभेल.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं गेलं. मोबाईलवर जोडणीचा व्हिडिओ लागला. रावसाहेब चहाला म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसले. व्हिडिओतला मुलगा म्हणाला की प्रोसेसर अलगद ठेवा, तो आपोआप बसतो. अरविंदरावांनी अलगद ठेवला. बसला नाही. फिरवून ठेवला. तरी नाही. चारही बाजूंनी ठेवून झाला.

"घट्ट असंल," रावसाहेब म्हणाले. "आमच्या धरणाची दारं बी पहिल्यांदा घट्टच असत्यात. जरा दाब द्या."

"अहो, त्या नमिताला एक फोन करा ना," नंदिनीताई आतून म्हणाल्या.

"त्यात काय विचारायचंय? बसतोय हा," अरविंदराव म्हणाले, आणि त्यांनी दाब दिला.

आवाज अगदी बारीक झाला. पण घरातल्या तिघांनाही तो ऐकू गेला. प्रोसेसर उचलून पाहिला तर खालच्या सोन्याच्या केसांसारख्या बारीक तारा एका कोपऱ्यात आडव्या झाल्या होत्या.  मग रावसाहेबांनी वातावरण हलकं करावं म्हणून आपली रॅम पुढे केली. ती खाचेत ठेवून पाहिली तर अर्धीच भरली. लॅपटॉपची होती. आखूड. रावसाहेबांनी ती हातात घेऊन वर-खाली पाहिली, "मला वाटलं हुतं वाढंल," असं काहीतरी पुटपुटले आणि चहा अर्धा टाकून उठले.

अरविंदराव दुपारी जेवले नाहीत. गॅलरीत जाऊन बसले. वही मांडीवर होती. त्यात काही चूक नव्हती, हेच तर दुःख होतं. प्रत्येक नग सगळ्यात कमी भावाचा, प्रत्येक नगाला बिल, प्रत्येकाची तपासणी. सगळे नग उत्तम आणि एकाचंही दुसऱ्याशी जमत नाही. चौतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं, कारण कंपनीत नगांचे नंबर इंजिनिअर लोक लिहून द्यायचे आणि हे फक्त भाव घ्यायचे. आपल्याला खरेदी येते असं ते इतकी वर्षं समजत होते. त्यांना भाव घेता येत होता. नंदिनीताई येऊन शेजारी बसल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी त्या बाईला शब्द दिलाय गं."

"म्हणून तर उद्या जायचं," नंदिनीताई म्हणाल्या. "मी येते बरोबर."

सोमवारी नमिताचा गाळा बंद निघाला. मंगळवारी सकाळी उघडला. अरविंदरावांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एखादा पोरगा प्रगतिपुस्तक पुढे करतो तसे उभे राहिले. नमिताने कपाळावरचा टॉर्च लावला, बोर्ड हातात घेतला आणि आडव्या तारा पाहिल्या.

"काका, प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा आहे, बोर्ड सहाव्याचा. हे आयुष्यात बसलं नसतं. आणि रॅम लॅपटॉपची." तिने पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं. "फॅन कुठाय?"

अरविंदराव नंदिनीताईंकडे बघायला लागले. हा भाग त्यांनी घरीसुद्धा सांगितला नव्हता.

"काढून ठेवला," ते म्हणाले. "वजन वाढत होतं."

नमिता हसली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती हसली नाही. तिने एक स्टूल पुढे केलं. "बसा काका. तुमी काय पहिले नाय. सगळे सुटं सुटं आणून शेवटी माझ्याकडेच येतात. कोणी सहा महिन्यांनी येतं. तुमी आठ दिवसांत आलात, लवकर आलात."

"तो तयार सेट?" नंदिनीताईंनी विचारलं.

"तो शनिवारीच गेला. तपासणी कधी आहे?"

"परवा."

नमिताच्या गाळ्यात त्या आठवड्यात एका शाळेचे सत्तर कॉम्प्युटर रांगेत होते. तिने त्या रांगेकडे पाहिलं, मग नंदिनीताईंनी पुढे केलेल्या, विमलबाईंच्या नावाच्या अर्जाकडे पाहिलं. "हितेशचा प्रोसेसर चांगला आहे, तो ठेवू. कॅबिनेट, मॉनिटर ठीक. चौथ्याचा बोर्ड आणि त्याची रॅम माझ्याकडे आहे. पण फॅन एकपण उरला नाय, सगळे शाळेत लागले. तेवढा तुमी आणा. उद्या दुपारी मी करावेला येऊन तिथंच जोडून देते. इथून न्यायच्या धक्क्यात परत काय हलायला नको."

"आणि ह्या बोर्डाचं?"

"हा मिथुनला परत द्या," ती म्हणाली. "वजनावर घेईल."

मिथुनच्या गोदामाकडे चालत जाताना अरविंदरावांनी मनात तीन वाक्यं तयार केली होती. एकही बोलावं लागलं नाही. ते दारात दिसताच मिथुन उठला आणि फळीवरून पंखा काढून त्यांच्या हातात दिला. फडक्याने पुसलेला होता, आणि कागदाच्या पुडीत त्याचे चारही स्क्रू बांधलेले होते.

"मला वाटलंच शेठ परत येणार. म्हणून विकला नाय. दोन गिऱ्हाईकं मागून गेली."

"हा त्या बोर्डाचा आहे. दुसऱ्याला बसेल?"

"बसतो. चौथ्याला, सहाव्याला, दोघांना बसतो. मी विचारून ठेवलंय."

अरविंदरावांनी पंखा दोन्ही हातांत धरला. त्यांना एकदम वाटलं की या माणसाला मिठी मारावी, पण मध्ये काटा होता. मग त्यांनी आपल्या पद्धतीने केलं ते असं, की भाव न विचारता पैसे दिले. नंदिनीताई सांगतात की हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बुधवारी दुपारी नमिता स्कूटरवर बोर्ड घेऊन करावेला आली. गटाची खोली लहान, एका कोपऱ्यात मिरचीची पोती, त्यामुळे जो येई तो आधी शिंकत असे. नमिता जमिनीवर मांडी घालून बसली, विमलबाई शेजारी टॉर्च धरून बसल्या. अरविंदराव सारखे बाहेर जाऊन रावसाहेबांचे फोन घेत होते. रावसाहेबांना पश्चात्ताप झाला होता आणि त्याची भरपाई म्हणून ते तासातासाला नवीन सल्ला देत होते. शेवटचा सल्ला असा होता की त्यांनी कुणालाच सल्ला देऊ नये असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे, तर टिपणिसांचं मत काय. पाच वाजता पडदा उजळला. त्यावर कुठल्यातरी जुन्या कंपनीचा निरोप होता, 'हसत राहा, तुम्ही कामावर आहात.' तो काढायचा कसा हे नमिता सांगायला लागली, पण बायका म्हणाल्या राहू दे, चांगला आहे.

गुरुवारी अकराला साहेब आले. शिवतेज नावाचा तिशीतला अधिकारी, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर अजून चार गावं बाकी असल्याचा भाव. त्याने पाटी पाहिली, रजिस्टर पाहिलं, बिलं पाहिली, एकदा शिंकला आणि संगणकापुढे येऊन उभा राहिला.

"चालू करून दाखवा."

अरविंदराव शर्ट नीट करून पुढे झाले.

"तुम्ही गटात आहात?"

"नाही. मी खरेदी... मी ह्यांचा शेजारी. म्हणजे गिऱ्हाईक."

"मग तुम्ही नाही. सदस्याने चालू करायचं. अध्यक्ष कोण?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा दिवस सगळ्यांनी यंत्राची तयारी केली होती, बाईची केली नव्हती. विमलबाई उठल्या, पदर खोचला आणि बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. पडदा काळाच राहिला. आतून टीं, टीं, टीं असा आवाज यायला लागला.

 अरविंदरावांनी नमिताला फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला. नंदिनीताईंनी डोळे मिटून घेतले. बाकीच्या दहा बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कुणी शिंकतसुद्धा नव्हतं.

शिवतेजने घड्याळ पाहिलं. "मावशी, मला पुढे जायचंय. बंद आहे असं लिहू का?"

"थांबा सायब," विमलबाई म्हणाल्या. "घाय नको."

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. हात पदराला खसखसून पुसले. कॅबिनेटचं झाकण सरकवून काढलं आणि आत वाकल्या. अरविंदराव काही बोलणार तेवढ्यात नंदिनीताईंनी त्यांचा हात धरला. विमलबाईंनी दोन्ही अंगठ्यांनी दोन चाप मागे दाबले, रॅमची पट्टी अलगद वर घेतली आणि मागे न बघता हात पुढे केला. "ताई, रब्बर हाय का?"

मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये खोडरबर नसेल असं होत नाही. विमलबाईंनी पट्टीची सोनेरी कड खोडरबराने चार वेळा घासली, फुंकर मारली आणि पट्टी परत खाचेत दाबली. कट् असा आवाज झाला. झाकण लावलं, भिंतीवरचं बटण, मग यंत्राचं बटण. पडद्यावर अक्षरं आली, 'हसत राहा, तुम्ही कामावर आहात.'

"विमलबाई, हे तुम्हाला कसं येतं?" अरविंदरावांनी विचारलं.

"ती पोर काल करीत होती ना. तुमी तवा फोनवर बोलत होते. मी टारच धरून बगत होते." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पापलेट ताजा हाय का नाय, ते कल्ला उघरून बगतो आमी. ह्याचा पन तसाच. उघरल्याबिगर कसा कलनार?"

शिवतेजने पेन खाली ठेवलं होतं. हेल्मेटही खाली ठेवलं. "मावशी, ते परत एकदा सांगा. खोडरबर कुठे घासायचं? आमच्या ऑफिसचा पण असाच टीं टीं करतो. तीन महिने इंजिनिअरची वाट बघतोय आम्ही."

विमलबाईंनी त्याला बसवून, पट्टी काढून दाखवली. त्याने मोबाईलमध्ये फोटो घेतला. मग अट क्रमांक नऊसमोर त्याने लिहिलं, 'संगणक चालू स्थितीत. अध्यक्षांना चालवता व दुरुस्त करता येतो.' एवढा शेरा त्या रकान्यात मावेना, म्हणून तो समासात गेला.

मशीन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलं. गटाची त्या महिन्याची सभा होती, तिला टिपणीस नवरा-बायकोंना मुद्दाम बोलावलं होतं. विमलबाईंनी टोपली सुनेला नाही, कुणालाच दिली नाही, माळ्यावर टाकली होती. आता त्या खुर्चीवर बसल्या होत्या, कॉम्प्युटरपुढे. "भाऊ, वाचा," त्या म्हणाल्या. नंदिनीताई महिनाभर त्यांना मराठी टायपिंग शिकवत होत्या. एका बोटाने लिहिलेल्या चार ओळींना त्यांची अख्खी सकाळ गेली होती.

ठराव होता. आभाराचा. टिपणीसभाऊंनी गटासाठी उन्हातान्हात वणवण केली, संगणक आणला, त्यामुळे मशीन मिळालं, गट त्यांचे आभार मानतो.

अरविंदरावांनी तो दोनदा वाचला. खरेदी विभागाला पत्रं कसली येतात? माल कमी आला, माल उशिरा आला, माल चुकीचा आला. चौतीस वर्षांत आभाराचा कागद एकदाही आला नव्हता, आणि आला तो नेमका आयुष्यातल्या सगळ्यात फसलेल्या खरेदीबद्दल. त्यांना रडू आलं. खोलीत मिरची होतीच, पण त्यांनी तिच्यावर ढकललं नाही. सगळ्यांदेखत चष्मा काढून डोळे पुसले.

"यात दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "मी काही आणलं नाही. मी आणलेलं बसत नव्हतं."

विमलबाई खुर्चीवरून उठल्या. "म तुमीच लिवा. माझा बोट दुखतंय."

ते बसले आणि लिहायला लागले. नमिता भोईर, कारण ती हसली नाही. मिथुन, कारण त्याने पंखा पुसून ठेवला. हितेश, त्याचा प्रोसेसर चांगला होता. रावसाहेब जगदाळे, रॅम आखूड असली तरी त्यांनी मनापासून दिली होती. नंदिनी टिपणीस, सह्यांबद्दल. मग ते थांबले, विमलबाईंकडे पाहिलं आणि आणखी एक ओळ लिहिली. 'आणि त्या वर्षी चौदा दिवस पेज पोचवल्याबद्दल सौ. विमल यांचे आभार अरविंद टिपणीस मानतात. हे मानायला फार उशीर झाला.' ती त्यांनी मोठ्याने वाचली. 

 विमलबाईंनी नंदिनीताईंचा हात धरून ठेवला होता.

आता ठराव म्हटला की पद्धत ही आलीच. अरविंदराव खुर्चीतच मागे वळले आणि घसा साफ करून म्हणाले, "सूचक मी. अनुमोदक कोण?"

अनुमोदक एक लागतो. भिंतीपाशी बसलेल्या दहाही बायकांनी हात वर केले, मसाल्याने लाल झालेले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.